रेषा आधी, प्राणी मागाहून
वाचकांचे प्रश्न, सदरलेखकाची उत्तरे

मागील अंकात या सदरात एक छोटे टिपण दिले होते. लाकडाच्या मूळ रेषा जशाच्या तशा राखून त्यांच्याच आधाराने भिंतीवर लावण्याजोगी प्राण्यांची चित्रे कशी घडवता येतात, हा त्याचा विषय होता. रंगाचा हात न फिरवता निरनिराळ्या जातींच्या लाकडांचे तुकडे कापायचे, कानशीने त्यांच्या कडा गोलवायच्या आणि ते शेजारी शेजारी बसवून चिकटवायचे, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

गेल्या वर्षीच्या वादळात आमच्या परसातला आंबा उन्मळून पडला. त्याच्या फळ्या कापून ठेवल्या आहेत. एका लांबट फळीवर लाटांसारख्या रेषा असून मधोमध एक गाठ आहे. मला त्यातून वाघ करायचा आहे. सुरुवात कशी करावी?
एक वाचक, चिपळूण

वाघ मनात धरून फळीकडे जाऊ नये असे माझे मत आहे आणि आपल्या बाबतीत तर त्याला रोकडे कारण आहे. वाघाचे पट्टे पाठीवरून पोटाकडे उतरतात, म्हणजे ते अंगाला आडवे असतात. लाकडाच्या रेषा मात्र फळीच्या लांबीने धावतात. लांबट फळीवर लांबट वाघ बसवला की मानेपासून शेपटीपर्यंत लांबीने पट्टे ओढलेला एक प्राणी तयार होतो आणि असा प्राणी आपल्या परसात आधीच बागडत असतो. त्याला आपण खार म्हणतो. वाघच हवा असेल तर फळी उभी करून केवळ त्याचा समोरून दिसणारा चेहरा करावा, किंवा अंगाचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या रेषा आडव्या येतील असे ते कापावेत; पण मग त्या एका सुंदर फळीचे काही उरत नाही. लाटांच्या रेषांना पाण्यातले जीव अधिक शोभतात. मासा, कासव किंवा नदीकाठी पसरलेली मगर यांचा विचार करून पाहावा.

फळी पाहण्याची माझी रीत अशी आहे. तिच्यावर एकदा हलका रंधा मारून घ्यावा, ओल्या फडक्याने ती पुसावी आणि सकाळच्या तिरप्या उजेडात भिंतीला टेकवून उभी करावी. पाण्याने रेषा चटकन उघड्या पडतात आणि पॉलिश केल्यावर लाकूड कसे दिसेल याचाही अंदाज येतो. मग जाड कागदातून मनातल्या प्राण्याची बाह्याकृती कापून काढावी, मात्र कापलेला प्राणी बाजूला ठेवून भोक पडलेला कागद वापरावा. तो फळीवरून बोटाबोटाने सरकवत आणि फिरवत नेला की एखाद्या ठिकाणी पाठीचा बाक आणि रेषेचा बाक नेमके जुळतात. तसे ठिकाण सापडले नाही, तर प्राणी बदलावा. मी एकदा बगळ्यासाठी घेतलेल्या फळीतून शेवटी कासव निघाले आणि बगळ्याला वर्षभर दुसऱ्या फळीची वाट पाहावी लागली.

या रेषा कोठून येतात हे ठाऊक असले तर वखारीत फळी निवडणे सोपे जाते. ओंडका सरळ चिरत नेला की त्याच्या कडेच्या फळ्यांवर ज्योतीसारख्या, डोंगरासारख्या आकृती उमटतात, तर गाभ्याजवळून गेलेल्या मधल्या फळ्यांवर जवळजवळ समांतर सरळ रेषा मिळतात. पक्ष्यांचे पंख आणि लांब पाय यांसाठी मधल्या फळ्या घ्याव्यात, पाठी आणि पोटे यांसाठी कडेच्या. सागवानात वाढीची वलये इतकी स्पष्ट असतात की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या काळातील पावसाचा अभ्यास झालेला आहे. आंब्यात ही वलये पुसट असतात, परंतु ओंडका कापण्यापूर्वी काही काळ पावसात पडून राहिला असेल तर बुरशीमुळे त्यात शाईने ओढल्यासारख्या काळ्या बारीक रेघा उमटतात. आपल्या फळीत त्या असतील आणि लाकूड नखाने दाबल्यावर भुसभुशीत लागत नसेल, तर आपण भाग्यवान आहात.

आता गाठीविषयी. गाठीभोवती रेषा वळसा घालून जातात, त्यामुळे तेथे आयताच डोळा दिसू लागतो आणि नवशिका तेथेच फसतो. गाठ जिवंत आहे की मेलेली, हे आधी पाहावे. फांदी जिवंत असताना खोडात सामावली गेली असेल तर गाठीचे आणि भोवतीचे लाकूड एकजीव असते. फांदी वाळल्यावर खोड तिच्याभोवती वाढले असेल तर गाठीला काळे कडे दिसते आणि ती बुचासारखी सुटी असते. माझ्या पहिल्या घुबडाचा उजवा डोळा असाच भिंतीवरून निखळून कपाटामागे गेला. तो अजून मिळालेला नाही.

घाई मात्र करू नये. आंब्याचे लाकूड ओले असताना त्याला डाग आणि कीड दोन्ही लवकर धरतात, म्हणून फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या रिपा घालून वारा खेळेल अशी चळत सावलीत रचावी. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा ठोकताळा आहे. कोकणातील दमट हवेत त्यावर विसंबण्यापेक्षा एक फळी दर पंधरा दिवसांनी वजन करून पाहावी. उन्हाळ्यात लागोपाठ तीन वजने सारखी आली की ती कामाला घेण्याजोगी झाली. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, फणस आणि जांभूळ यांच्याबरोबर आंबाही आहे. आपले झाड वाऱ्याने पडले. शेजारचे उभे झाड याच कामासाठी तोडण्याचा मोह झाला, तर आधी परवानगी घ्यावी लागेल.

रंग न वापरता निरनिराळ्या लाकडांतून शेकरू करावयाचे आहे. कोणती लाकडे घ्यावीत आणि त्यांचे रंग टिकतात काय?
एक वाचक, राजगुरुनगर

भीमाशंकर आपल्यापासून दूर नाही, त्यामुळे शेकरू आपण प्रत्यक्ष पाहिले असेलच. पाठ तांबूस तपकिरी, पोट दुधाळ आणि शेपटी टोकाकडे फिकट होत गेलेली, एवढ्या तीन गोष्टी साधल्या की पाहणाऱ्याला नाव सांगावे लागत नाही. पाठीसाठी बाभळीच्या गाभ्याचे लाकूड, पोटासाठी आणि शेपटीच्या टोकासाठी शिवणीच्या झाडाचे फिकट लाकूड, शेपटीच्या बुडासाठी शिसव आणि फांदीसाठी जुने सागवान अशी निवड मी करीन. बाभूळ करवतीला जड जाते, पण तिचा तांबूसपणा दुसऱ्या लाकडात सहज मिळत नाही.

सारे कौशल्य शेपटीत आहे. शेपटीचे केस मधल्या हाडापासून दोन्ही बाजूंना, किंचित मागे झुकलेले असे फुटतात. शेपटी एकाच तुकड्यातून कापली तर ती कितीही घोटली तरी केळीच्या सोपटासारखी दिसते. ती लांबीने दोन भागांत कापावी आणि दोन्ही भागांच्या रेषा मध्यरेषेकडून बाहेर तिरक्या जातील असे ते भाग फळीवर आखावेत; तुकडे जोडताच शेपटी फुललेली दिसू लागते. म्हणून कागदी नमुना कापण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक तुकड्यावर केसांच्या दिशेचा बाण काढून ठेवावा आणि तो बाण फळीच्या रेषेवर ठेवूनच आखणी करावी. बाण काढायचा कंटाळा केलेले काम दहा फुटांवरून ओळखू येते. तुकडे कापताना कमानी करवतीचे पाते अगदी काटकोनात राहिले पाहिजे, नाहीतर वरून सांधा जुळलेला दिसतो आणि कड गोलवायला कानस चालवली की फट उघडी पडते. पुढचे पाय आणि गाल यांच्याखाली तीन मिलिमीटरचे प्लायवूड घालून ते उचलावेत आणि पोटाचा तुकडा तेवढाच रंधून खाली न्यावा. उजेडाची जी सावली पडते, तीच रेखाटनाचे काम करते.

रंग टिकण्याबाबत आपली शंका रास्त आहे. लाकडाचा रंग उजेडात बदलतो आणि सर्वांचा सारखा बदलत नाही. फणस आणि हळदू ताजे असताना पिवळेधमक असतात व पुढे तपकिरीकडे झुकतात. ताजे कापलेले सागवान हिरवट, डागाळलेले दिसते आणि काही आठवड्यांत सोनेरी होते. म्हणजे आज पिवळ्या फणसाच्या आणि सोनेरी सागाच्या फरकावर उभे केलेले चित्र काही वर्षांनी एकरंगी होण्याचा धोका असतो. प्रत्येक लाकडाचा एक तुकडा घेऊन तो अर्धा पुठ्ठ्याने झाकावा आणि महिनाभर खिडकीत ठेवावा. झाकलेल्या व उघड्या भागांतील फरक पाहूनच निवड पक्की करावी.

लाकडाच्या अंगच्या रंगांवर चित्र उभे करण्याची ही रीत जुनी आहे. म्हैसूरच्या शिसवी जडावकामात पूर्वी हस्तिदंत वापरीत. आता त्याऐवजी इतर साहित्याबरोबर निरनिराळ्या रंगांची लाकडेही वापरतात. इटलीतील उर्बिनो येथे ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याच्या राजवाड्यातील छोट्या अभ्यासिकेच्या भिंती १४७० च्या दशकात अशाच लाकडी जडावाने मढवल्या गेल्या. त्यात फळांच्या टोपलीशेजारी बसलेली एक खार आहे. आपले शेकरू पूर्ण होण्याआधी तिचे छायाचित्र जरूर मिळवून पाहावे. शेपटीसाठी तर नक्कीच.

राधानगरीच्या जंगलात पाहिलेला गवा शिसवीत करीत आहे. त्याचे पायाचे पांढरे मोजे कसे दाखवावेत? दुसरे असे, की काम सुरू केल्यापासून मनगटांवर पुरळ उठते. त्याचा लाकडाशी संबंध असेल काय?
एक वाचक, कोल्हापूर

मोज्यांसाठी वेगळे लाकूड शोधू नये. शिसवीच्या गाभ्याचे लाकूड जांभळट काळपट असते आणि सालीलगतचा कच्चा भाग फिकट, जवळजवळ दुधी असतो. बहुतेक कारागीर तो भाग कापून टाकतात. आपण तो राखून असलेली फळी मागावी आणि गव्याचे गुडघे नेमके त्या सीमेवर येतील अशी आखणी करावी. पाय आणि मोजे एकाच तुकड्यातून निघतात व मधला सांधाच उरत नाही. त्या कच्च्या लाकडाला भुंगेऱ्याची कीड मात्र हमखास लागते, तेव्हा तेवढ्या भागाला कीडरोधक द्रव दोनदा पाजून, तो पूर्ण वाळल्यावरच पुढे जावे.

पुरळाचा संबंध असण्याची शक्यता मोठी आहे. शिसवीच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला आणि श्वसनाला त्रास होतो. काम काही दिवस थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कोणत्या लाकडावर काम करता, ते त्यांना आवर्जून सांगावे. पुरळ न उठणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण लाकडाच्या बारीक भुशाचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक घटकांत केला आहे. पॉलिश पेपर घासताना नाकाला रुमाल बांधणे पुरेसे नाही; एन-९५ मुखपट्टी वापरावी, आणि अंगणात काम करणे शक्य असेल तर वाऱ्याकडे पाठ करून बसावे.

सागवानी पट्ट्या प्लायवूडवर चिकटवून पाच फूट रुंदीचा घारीचा पंख केला होता. एका पावसाळ्यानंतर दोन पट्ट्या उचलल्या गेल्या आणि एक उभी तडकली. चिकट द्रव्य कमी पडले काय?
एक वाचक, डोंबिवली

कमी नव्हे, जास्त पडले. लाकूड लांबीने जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीने ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. सागवान इतर लाकडांच्या मानाने शांत असले तरी एक फूट रुंदीच्या फळीत मुंबईकडच्या हवेत वर्षभरात तीन मिलिमीटरच्या आसपास फरक पडू शकतो. प्लायवूडचे थर एकमेकांना काटकोनात असल्याने ते जागचे हलत नाही. आपण दोघांना पूर्ण पृष्ठभागावर चिकटवून जखडले, तेव्हा कोठेतरी तडकणे भागच होते.

पट्टी दोन-अडीच इंचांहून रुंद घेऊ नये. चिकटवताना फक्त मधल्या रेषेवर द्रव्याची एक बारीक धार द्यावी आणि कडा मोकळ्या सोडाव्यात. दोन पट्ट्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवली तर पंखात ती पिसांच्या ओळीसारखीच दिसते. सागवान तेलकट असल्याने चिकटवण्याची बाजू आधी थिनरने पुसून लगेच चिकटवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या बाजूला जेवढे हात पॉलिशचे दिले तेवढेच पाठीलाही द्यावेत, कारण एका बाजूने दमट हवा पिणारे लाकूड वाकतेच. पाच फुटांचे काम एका खिळ्यावर टांगू नये. पाठीमागे आणि भिंतीवर, ४५ अंशांत चिरलेल्या दोन रिपा एकमेकींत अडकतील अशा लावाव्यात. वजन सर्वत्र वाटले जाते आणि भिंत व काम यांमध्ये हवा खेळती राहते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर काही केल्या लावू नये.

लाकडी सांबराच्या डोक्याला जंगलात गळून पडलेली खरी शिंगे लावली तर चालेल काय?
एक वाचक, गोंदिया

चालणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गळून पडलेली शिंगेही वैयक्तिक मालकीची होत नाहीत. ती उचलून घरी आणणे हाच गुन्हा ठरतो. साळिंदराच्या काट्यांबाबतही सावध राहावे. चिंचेच्या वाकड्या फांद्यांतून सांबराची शिंगे फार छान निघतात.

भेकराचे खूर आणि मोराची मान यांसाठी गडद काळा रंग हवा आहे, परंतु रंग लावला की रेषा झाकल्या जातात. शेवटचा हात कशाचा द्यावा, हेही सांगावे.
एक वाचक, सोलापूर

बाभळीच्या ओल्या फळीत लोखंडी खिळा राहिला की त्याभोवती काळा डाग पडतो, हे आपण पाहिले असेल. लाकडातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगाने हा काळा रंग बनतो आणि तो लाकडाच्या आत उतरत असल्याने रेषा झाकत नाही. हे मुद्दाम घडवून आणता येते. मूठभर हिरडापूड पाण्यात उकळून तो काढा गाळावा, लाकडावर दोन हात लावून वाळवावा आणि नंतर पाण्यात विरघळवलेल्या हिराकसाचा (हा लोखंडाचाच एक क्षार) पातळ हात ब्रशने फिरवावा. डोळ्यांदेखत लाकूड करडे आणि मग काळे होते. पूर्वी शाई याच दोन पदार्थांपासून करीत. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून आधी एकदा साध्या पाण्याने पुसून, वाळवून, बारीक पॉलिश पेपर मारून घ्यावा, आणि प्रयोग नेहमी वाया गेलेल्या तुकड्यावर करावा. हा तुकडा चिकटवण्यापूर्वीच काळा करावा. शेजारच्या फिकट लाकडावर एक ओघळ गेला तर तो काही केल्या निघत नाही.

शेवटच्या हाताबाबत मी जुन्या मताचा आहे. चकाकणारे मेलामाइन पॉलिश भिंतीवरच्या कामाला देऊ नये. समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडते आणि प्राणी दिसतच नाही. गडद लाकडांना जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात आणि वरून मधमाशांच्या मेणाचा हात पुरेसा होतो. फिकट लाकडांवर जवस पिवळे पडते, तेव्हा त्यांना रंग काढलेल्या लाखेचे पॉलिश बरे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल सुकताना उष्णता बाहेर टाकते आणि बोळ्यात ती साठून फडकी आपोआप पेट घेतात. ती एकेक करून उघड्यावर दोरीवर पसरावीत किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवावीत.

माझ्या वडिलांनी शिसवीत केलेले दोन फुटांचे खिल्लार बैल माझ्याकडे आणावयाचे आहेत. काही अडचण येईल काय?
एक वाचक, मेलबर्न

शिसव ज्या वंशातील आहे, तो जवळजवळ संपूर्ण वंश धोक्यात आलेल्या वनस्पती व प्राणी यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात जानेवारी २०१७ पासून आला आहे. मात्र तयार वस्तूतील या लाकडाचे वजन १० किलोपर्यंत असेल तर सूट आहे आणि आपले बैल त्यात बसतात काय, हे वजन करून पाहावे. ऑस्ट्रेलियात उतरताना लाकडी वस्तूची नोंद घोषणापत्रात करावीच लागते. वडिलांना सांगून कोठे साल शिल्लक ठेवलेली असेल तर ती काढून घ्यावी आणि किडीची भोके किंवा त्यांतून पडणारे पीठ दिसते काय, हे निघण्यापूर्वी नीट पाहावे.

मला लाकूडकाम अजिबात येत नाही. घरी एक करवत, एक कानस आणि उत्साह आहे. पहिला प्राणी कोणता करावा?
एक वाचक, लातूर

डबक्यात बसलेली म्हैस. दीड फूट लांबीची, लाटांच्या रेषा असलेली सागवानाची एक फळी घ्यावी. जुन्या दाराची मिळाली तर उत्तम. तेच आपले पाणी. त्यावर शिसवीचे, किंवा हिरडा आणि हिराकसाने काळ्या केलेल्या बाभळीचे, चारच तुकडे बसवावयाचे आहेत: पाण्याबाहेर आलेली पाठ, डोके आणि दोन शिंगे. पाय, पोट, शेपटी सारे पाण्याखाली असल्याने ते करावे लागत नाही. पाठीच्या तुकड्याच्या रेषा मानेकडून मागे जाऊ द्याव्यात आणि वरची कड कानशीने इतकी गोलवावी की डोळे मिटून बोट फिरवले तर कोठेही अडू नये. शिंगांसाठी रेषा वळणाबरोबर जाणारा तुकडा शोधावा, नाहीतर टोक मोडते. डोळा कोरण्याच्या भानगडीत पडू नये; काठावरून पाहताना डबक्यातल्या म्हशीचा डोळा दिसत नाही.